गिऱ्हाइकांच्या तसबिरी आणि एका शतकाचा चेहरा

धंदेवाईक फोटोग्राफर हा शब्द आपल्याकडे किंचित नाक मुरडूनच उच्चारला जातो. लग्नमुंजीच्या मांडवात धावपळ करणारा, खुर्चीवर बसलेल्या आजोबांची हनुवटी दोन बोटांनी सरळ करणारा, आणि "आता हलू नका" असे बजावून काळ्या कापडाखाली नाहीसा होणारा हा मनुष्य कारागीर खरा, पण कलावंत नव्हे, अशी आपली जुनी समजूत आहे. स्वतःच्या मर्जीने चित्र काढतो तो कलावंत, आणि गिऱ्हाइकाच्या मर्जीने काढतो तो कारागीर, ही वाटणी सोयीची आहे खरी. परंतु एका जर्मन फोटोग्राफराचे आयुष्य या वाटणीत काही केल्या बसत नाही. त्याची हकीकत वाचकांस सांगावी, म्हणून हा प्रपंच.

आउगुस्ट झांडर हा १८७६ साली हेर्डोर्फ नावाच्या खाणींच्या गावी जन्मला. बाप खाणीतला सुतार. पोरगाही शाळा संपताच त्याच खाणीच्या कामावर लागला. तेथे एके दिवशी खाणमालकांसाठी चित्रे काढावयास एक फोटोग्राफर आला आणि त्याचे सामान वाहून नेण्यास या पोराला त्याच्या दिमतीस दिले. काळ्या कापडाखाली डोके घालून काचेवर उमटलेले उलटे गाव त्याने पाहिले, आणि खाणीतला मजूर होण्याचे त्याचे भवितव्य तेथेच संपले. एका चुलत्याने पैसे दिले, कॅमेरा आला. पुढे लष्करातील नोकरी, निरनिराळ्या शहरांतील उमेदवारी, आणि १९०१ पासून ऑस्ट्रियातील लिंत्स येथील एक स्टुडिओ. तो स्टुडिओ त्याने प्रथम भागीदारीत व नंतर एकट्याने चालविला. लिंत्समधील त्याचे काम त्या काळच्या रिवाजाप्रमाणेच होते. फोटो जितका चित्रासारखा दिसेल तितका चांगला, अशी तेव्हाची अभिरुची होती. डिंकाच्या छपाईने चेहऱ्यावर धुके पसरावयाचे, कडा पुसट करावयाच्या, आणि पदके मिळवावयाची. झांडरने पदकेही मिळविली. तो त्या वाटेनेच जाता तर आज त्याचे नाव निघाले नसते.

१९१० साली तो कोलोन शहरी आला आणि लिंडेन्टाल या उपनगरात त्याने दुकान थाटले. नवख्या माणसाकडे शहरातील गिऱ्हाईक सहसा वळत नाही. तेव्हा हा बायकापोरांचा धनी सुट्टीच्या दिवशी सायकलीवर कॅमेरा, तिपाई व काचा लादून वेस्टरवाल्डच्या डोंगराळ मुलखात जाऊ लागला. तो मुलूख त्याच्या बालपणाचा होता, बोली त्याच्या तोंडची होती. शेतकऱ्यांच्या दारी जावे, म्हाताऱ्यांचे, नवराबायकोचे, सबंध कुटुंबाचे फोटो काढावे, पुढच्या खेपेस प्रती पोचवाव्या आणि पैसे घ्यावे, असा हा व्यवहार होता. शतकाचा चेहरा रेखाटणाऱ्या एका प्रचंड उद्योगाची सुरुवात अशी पोटासाठी घातलेल्या फेरीतून झाली. कलेच्या इतिहासकारांना हा भाग थोडा अडचणीचा वाटतो, म्हणून ते तो लवकर उरकतात. मला तर तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो.

याचे कारण असे. फोटोग्राफराच्या धंद्यातील एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजून प्रत घेऊन जाते. काच दुकानातच राहते. पुढेमागे आणखी प्रती लागल्या तर असाव्यात, म्हणून ती क्रमांक घालून खोक्यात उभी करून ठेवतात. वर्षे लोटतात, म्हातारी माणसे जातात, पोरे परगावी जातात, आणि त्या हजारो काचा अंधारात तशाच उभ्या असतात. बहुतेक फोटोग्राफरांना ती अडगळ वाटते. कित्येकांनी काचा धुऊन विकल्याही आहेत. झांडरने त्या काचांकडे पाहिले आणि त्याच्या ध्यानी आले की गिऱ्हाइकाला आपण जे विकले ते एक, आणि आपल्याजवळ जे उरले ते दुसरेच. शेतकऱ्याला त्याच्या बापाची आठवण मिळाली होती. ह्याच्यापाशी एक वर्ग, एक चाल, उभे राहण्याची एक तऱ्हा शिल्लक होती.

१९१४ सालची एक काच घ्या. नांगरलेल्या शेताच्या कडेने, मातीच्या वाटेवरून तीन तरुण चालले आहेत आणि हाक ऐकून थबकल्यासारखे आपल्याकडे वळून पाहत आहेत. काळे सूट, टोप्या, हातात काठ्या. एकाच्या ओठात सिगारेट. चित्राचे नाव असे की हे तरुण शेतकरी नाचाच्या समारंभास निघाले आहेत. पोशाख शहरी आहे, पण तो अंगावर अजून रुळलेला नाही. आपल्या खेड्यांतही जत्रेला निघालेल्या पोराच्या नव्या कोटात हेच अवघडलेपण दिसत असे. त्याच वर्षी ऑगस्टात महायुद्ध पेटले. हे ठाऊक असल्यामुळे त्या चित्रातील वाट आज पाहणाऱ्याला नाचाकडे जाणारी वाटत नाही. पण चित्र काढणाऱ्याला हे ठाऊक नव्हते, त्या तिघांनाही नव्हते, आणि त्याचमुळे त्यांच्या चेहऱ्यावरची ती किंचित ऐट इतकी निर्मळ राहिली आहे.

युद्धात झांडरलाही जावे लागले. मागे त्याची पत्नी अॅना हिने दुकान चालविले. परत आल्यावर वेस्टरवाल्डच्या काचा त्याने पुन्हा पाहण्यास घेतल्या आणि हळूहळू एक योजना त्याच्या मनात आकार घेऊ लागली. शेतकऱ्यांच्या बारा तसबिरींचा एक मूळ संच त्याने केला. त्यातील एकाला 'भूमिपुत्र', एकाला 'तत्त्वज्ञ', एकाला 'बंडखोर', एकाला 'ज्ञानी' अशी नावे दिली, आणि हेच नमुने पुढे सबंध समाजात निरनिराळ्या वेषांनी आढळतात असे मानले. म्हाताऱ्या शेतकऱ्याला तत्त्वज्ञ म्हणणे आपल्याला नवे नाही. कपाळावर आठ्या आणि हातात काठी असलेले असे तत्त्वज्ञ आपल्या प्रत्येक पारावर बसलेले असत. या मूळ संचावर त्याने सात विभागांची इमारत रचली. शेतकरी, कारागीर, स्त्री, धंदे व दर्जे, कलावंत, शहर, आणि शेवटी 'अखेरची माणसे', म्हणजे आंधळे, आजारी, वृद्ध व मृत, असे ते विभाग होते. एकंदर संच पंचेचाळीस. ग्रंथाचे नाव ठरले, 'विसाव्या शतकातील माणसे'.

मराठी वाचकाला ही यादी पाहून बारा बलुत्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आणि त्याबरोबरच एक शंकाही मनात येईल. माणसाला धंद्यावरून व दर्ज्यावरून खणाखणांत बसविणे ही काही निरागस गोष्ट नव्हे. मुंबईतच याचे एक उदाहरण घडून गेले होते. येथे १८५४ साली फोटोग्राफीची संस्था निघाली, आणि तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी विल्यम जॉन्सन या इंग्रजाने मुंबईतील जातीजमातींच्या चित्रांचे दोन भाग १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांत पुष्कळ ठिकाणी माणसे एकीकडे टिपलेली आणि मागील देखावा दुसरीकडचा, असे दोन तुकडे जोडून एक चित्र केलेले आहे. माणूस त्याच्या जागेवरून उचलावयाचा, पोशाखासकट कातरावयाचा आणि आपल्या सोयीच्या पडद्यापुढे चिकटवावयाचा, हे राज्यकर्त्याच्या दृष्टीचे अगदी बोलके उदाहरण आहे. झांडरचा माणूस मात्र आपल्या दारात, आपल्या भट्टीपाशी, आपल्या शेताच्या बांधावर आपल्याच पायांवर उभा असतो. त्याचा मागचा पडदा खोटा नाही. शिवाय त्याने पैसे मोजलेले असतात, किंवा निदान स्वखुशीने वेळ दिलेला असतो. आणि कसे उभे राहावे हे तो स्वतः ठरवितो. खण झांडरचा, पण बसण्याची तऱ्हा बसणाऱ्याची. या एवढ्या फरकाने फार मोठा फरक पडतो.

तंत्राचेही थोडे सांगितले पाहिजे. तो मोठ्या आकाराच्या काचा वापरी, आणि हातात धरून झटकन चित्र घेणारे छोटे कॅमेरे बाजारात आल्यावरही त्याने आपली तिपाई सोडली नाही. बसणाऱ्याला काही क्षण निश्चळ राहावे लागे. तेवढ्या वेळात ओढूनताणून आणलेले हसू गळून पडते आणि माणूस आपल्या मूळ चेहऱ्यावर परत येतो. १९२० नंतर कोलोनमधील पुरोगामी चित्रकारांशी, विशेषतः फ्रान्ट्स विल्हेल्म झायवर्ट याच्याशी, त्याचा स्नेह जडला. त्यांच्या चित्रांचे फोटो तो काढून देई, आणि कित्येकदा पैशांऐवजी चित्रेच घेई. याच सुमारास त्याने धुक्याची छपाई टाकली. यंत्रांच्या व इमारतींच्या चित्रांसाठी वापरावयाचा जो गुळगुळीत, चकचकीत कागद, त्यावर तो माणसांचे चेहरे छापू लागला. आता सुरकुती सुरकुतीच्या जागी आणि बटण बटणाच्या जागी दिसू लागले. यंत्राच्या धंदेवाईक फोटोसाठी असलेला कागद त्याच्या स्वतःच्या कामाला लागला, ही गोष्टही माझ्या मुद्द्याला धरूनच आहे.

१९२७ साली कोलोनच्या कलासंस्थेत या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, आणि १९२९ साली त्यातील साठ तसबिरींचे पुस्तक निघाले. त्याचे नाव 'काळाचा चेहरा' अशा अर्थाचे होते. कादंबरीकार आल्फ्रेड डोब्लिन याने त्याला प्रस्तावना लिहिली आणि शरीरशास्त्रज्ञ जसे अवयव शेजारी शेजारी मांडून पाहतो तशी ही चेहऱ्यांची तुलना आहे, असे मत दिले. पुस्तक शेतकऱ्यांपासून सुरू होते आणि बेकारापाशी संपते. मध्ये काय काय आहे! एक हलवाई आहे. टक्कल, पांढरा डगला, समोर भले मोठे भांडे. आणि राजाने राजदंड धरावा तसा त्याने डाव धरला आहे. एक बांधकामावरील मजूर खांद्यावर फळी व फळीवर विटांची चळत घेऊन, जणू ते ओझे नसून पोशाखाचाच भाग असावा तसा, शांतपणे आपल्याकडे पाहत उभा आहे. आणि शेवटचा तो बेकार, शहराच्या एका कोपऱ्यावर, टोपी हातात धरून. टोपी डोक्यावर नाही, हातात आहे. त्या एका गोष्टीने त्याचे सगळे सांगून टाकले आहे. १९३१ साली वॉल्टर बेन्यामिन या टीकाकाराने फोटोग्राफीच्या इतिहासावरील आपल्या निबंधात या पुस्तकाचा आदराने उल्लेख केला. पुढे येणाऱ्या दिवसांत समोरच्याचा चेहरा वाचता येणे ही गरजेची विद्या होऊन बसेल, असा त्याचा रोख होता. ते दिवस फार लवकर आले.

दोष दाखवावयाचा तर एक मोठा आहे. स्त्रीला त्याने स्वतंत्र विभाग दिला, पण त्या विभागात ती बहुधा कोणाची तरी कोणी म्हणून येते. १९२६ ची 'चित्रकाराची पत्नी' पाहा. आखूड कापलेले केस, पांढरा सदरा, गळ्यात टाय, दातांत सिगारेट, हातात ओढण्याच्या बेतात असलेली काडी. ही बाई कोणाचीही पत्नी म्हणून ओळखली जाण्यास तयार नाही, हे त्या काडीवरूनच दिसते. पण चिठ्ठीवर तेवढेच लिहिले आहे. झांडरचा डोळा त्याच्या खणांपेक्षा शहाणा होता. खण चुकले तरी काच चुकत नसे.

आणि या विभागातच एक काच अशी आहे की ती पाहताना मला दर वेळी थांबावे लागते. १९११ साली अॅनाला जुळे झाले, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगा जगला नाही. आईच्या दोन हातांवर दोन मुले, एक जिवंत व एक गेलेले. आणि तिची सरळ समोर पाहणारी नजर. चित्राला नाव दिले आहे, 'माझी पत्नी, सुखात व दुःखात'. घरातल्या खाजगी कपाटात ठेवावी अशी ही तसबीर त्याने आपल्या सार्वजनिक ग्रंथात समाविष्ट केली. ज्या न्यायाने शेतकऱ्याच्या घरची आठवण त्याने समाजाची नोंद मानली होती, तोच न्याय त्याने स्वतःच्या घराला लावला. हा न्याय लावण्याचे धैर्य त्याच्यात नसते तर त्याच्या उद्योगाला परक्यांच्या चेहऱ्यांचा धंदा म्हणणे भाग पडले असते.

हे सारे चालू असताना चूल कशावर पेटत होती? ग्रंथावर निश्चितच नव्हे. कुटुंबांच्या तसबिरी, इमारती, कारखाने, जाहिराती, चित्रांच्या नकला, जे मिळेल ते काम दुकानात होत होते. १९२७ साली लुडविग माथार या लेखकाबरोबर तो सार्डिनिया बेटावर गेला आणि शेकडो चित्रे घेऊन आला. दोघांचे पुस्तक निघावयाचे होते, ते निघाले नाही. मग ती चित्रे जशी खपतील तशी. याशिवाय तो एक साठा सतत वाढवीत होता. ऱ्हाइन नदीची वळणे, डोंगर, झाडे, आणि कोलोनचे जुने गल्लीबोळ, देवळे व दरवाजे यांची ती चित्रे होती. ती कोणी सांगितली म्हणून काढलेली नव्हती. काढून ठेवावी आणि प्रकाशक, मासिके अगर प्रवासी मागतील तेव्हा विकावी, अशा हिशेबाने ती केलेली होती. वाण्याने माल भरून ठेवावा, तसा हा चित्रांचा माल होता.

१९३३ साली हिटलरचे राज्य आले. झांडरचा थोरला मुलगा एरिख हा समाजवादी पक्षाचा कार्यकर्ता होता. १९३४ साली त्याला पकडण्यात आले आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. १९३६ साली 'काळाचा चेहरा'चे छपाईचे ठसे सरकारने नष्ट केले व शिल्लक प्रती जप्त केल्या. जेथे सर्व जर्मन चेहरे एकाच साच्यातून काढलेले, उंच, गोरे व आनंदी दाखवावयाचे होते, तेथे हे दमलेले, जाडजूड, विचारी, बेकार, नाना तऱ्हेचे जर्मन कोणाला हवे होते? मुलाच्या राजकारणाचाही राग त्यात असावा. कारण कोणतेही असो, पन्नाशी उलटलेल्या माणसाचे मुख्य पुस्तक बाजारातून नाहीसे झाले.

यानंतर तो निसर्गाकडे वळला, असे त्याच्या चरित्रात बहुधा लिहिलेले असते. यात थोडीशी काव्यात्मता आहे, व तिला मी फारसा भुलत नाही. देखाव्यांच्या व जुन्या इमारतींच्या चित्रांना नव्या राज्यातही गिऱ्हाईक होते आणि झाडाच्या चेहऱ्यावर कोणी आक्षेप घेत नव्हते, ही साधी व्यवहाराची बाजू होती. निरनिराळ्या जर्मन मुलखांची लहान लहान चित्रपुस्तके त्याने या वर्षांत काढली. साठ्याने संसार सावरला, एवढे म्हटले म्हणजे पुरे. त्याने माणसे टिपणे सोडले होते असे तर मुळीच नव्हते. उलट त्याच्या ग्रंथातील सर्वात भयंकर संच याच वर्षांचा आहे.

१९३८ च्या सुमारास कोलोनमधील ज्यू नागरिकांना ओळखपत्रांसाठी व परदेशी निघून जाण्याच्या कागदपत्रांसाठी फोटो लागत होते. त्यातील काही लोक झांडरच्या दुकानी आले. हे अगदी साधे, नित्याचे, फोटोग्राफराच्या धंद्यातील सर्वात नीरस काम. पण त्या काचांवरचे चेहरे पासपोर्टच्या फोटोतले नाहीत. प्रौढ स्त्रिया, वृद्ध गृहस्थ अंगावर नीटनेटका पोशाख करून बसले आहेत. बहुतेकांची नजर आपल्यावर नाही, किंचित बाजूला कोठे तरी लागली आहे. ज्या शहरात जन्म गेला ते सोडून जाण्याचा परवाना मिळावा, म्हणून ही माणसे त्याच शहरातील एका ओळखीच्या फोटोग्राफरापुढे बसली होती. आणि याच वर्षांत याच फोटोग्राफराच्या कॅमेऱ्यापुढे गणवेशातील नाझी अधिकारीही येत होते. त्यांच्याही तसबिरी त्याने त्याच काळजीने काढल्या, पैसे घेतले, प्रती दिल्या, काचा ठेवून घेतल्या.

यावरून त्याला दोष देणारेही आहेत. मला तो दोष वाटत नाही. पण येथे मन थोडे अस्वस्थ होते, हे कबूल केले पाहिजे. दुकान उघडे ठेवणाराला दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाची जात वा विचार विचारून चालत नाही, हे खरे. तरीही ज्यांनी आपल्या मुलाला कोठडीत टाकले त्यांच्याच बिल्ल्यावर उजेड नीट पडतो की नाही, हे पाहताना त्या बापाचा हात कसा स्थिर राहिला असेल? त्याने याचे उत्तर ठेवले ते शब्दांत नव्हे. युद्धानंतर त्याने ग्रंथाचे संच पुन्हा लावले तेव्हा एका संचावर 'राष्ट्रीय समाजवादी' असे लिहिले आणि त्यात ते गणवेश घातले. दुसऱ्यावर 'छळ झालेले' असे लिहून त्यात ते नीटनेटके ज्यू नागरिक ठेवले. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध साक्षीला उभे करण्यासाठी त्याला एकही नवी काच घ्यावी लागली नाही. दोन्ही त्याच्या खोक्यांतच होत्या.

तिसऱ्या एका संचात राजकीय कैदी आहेत, आणि त्या काचा त्याच्या नाहीत. झीगबुर्गच्या तुरुंगात एरिखला तेथील फोटोग्राफराचे काम मिळाले होते. बापाकडून शिकलेली विद्या तेथे कामास आली. सोबतच्या कैद्यांचे व स्वतःचे फोटो त्याने काढले आणि ते गुप्तपणे बाहेर घरी पोचविले. कोठडीतील टेबलापाशी पुस्तके घेऊन बसलेला एरिख त्यात दिसतो. शिक्षा संपण्यास काही महिनेच उरले असता, १९४४ च्या मार्चमध्ये, त्याचे आंत्रपुच्छ फुटले. वेळेवर उपचार झाले नाहीत आणि तो तुरुंगातच वारला. मुलाच्या चेहऱ्याचा साचा घेण्यात आला. त्या मुखवट्याचेही झांडरने चित्र काढले आणि ते 'अखेरची माणसे' या विभागात ठेवले. अॅनाच्या हातावरील मूल आणि हा मुखवटा, एका बापाची दोन मुले एकाच ग्रंथात, असा हा हिशेब झाला.

त्याच वर्षी बाँबहल्ल्यात कोलोनचे घर व दुकान पडले. धोका ओळखून झांडरने आधीच वेस्टरवाल्डमधील कुखहाउझेन या खेड्यात बिऱ्हाड हलविले होते, आणि महत्त्वाच्या वाटलेल्या दहा हजारांच्या आसपास काचा बरोबर नेल्या होत्या. उरलेल्या २५ ते ३० हजार कोलोनच्या तळघरात होत्या. गंमत अशी, म्हणजे गंमत म्हणवत नाही, की बाँबहल्ल्यांतून ते तळघर वाचले आणि युद्ध संपल्यावर १९४६ साली तेथे आग लागून सर्व काचा गेल्या. तीस वर्षे खोक्यांत उभी असलेली कोलोनची बारशी, लग्ने, शिपाई, दुकानदार, सगळी एका रात्रीत निघून गेली. त्यांच्या प्रती ज्या घरांत होत्या त्यातील पुष्कळ घरेही उरली नव्हती.

मग उपयोगी पडला तो पुन्हा साठाच. मोहरून गेलेल्या नदीचे वळण आणि जुन्या गल्लीतील दरवाजा, असली बिनमाणसांची चित्रे तो कुखहाउझेनला घेऊन गेला होता. ज्या कोलोनमध्ये तो हिंडला ते आता जमिनीवर नव्हते. देऊळ तेवढे उभे, भोवती विटांचे ढीग. जे चित्र पूर्वी प्रवाशाने चार पैशांना घ्यावे असे होते, तेच आता शहराला आपल्या अस्तित्वाचा दाखला म्हणून हवे झाले. चारशेहून अधिक चित्रांचे 'कोलोन होते तसे' हे संच त्याने लावले, आणि १९५३ साली कोलोनच्या नगरसंग्रहालयाने ते विकत घेतले. म्हातारपणी त्याच्या पदरात पडलेली ही मोठी खरेदी. तसबिरींचा ग्रंथ मात्र त्याच्या हयातीत पुरा झाला नाही. १९६४ साली तो वारला.

पुढची हकीकत थोडक्यात. दुसरा मुलगा गुंथर याने १९८० साली ग्रंथाची एक आवृत्ती काढली. १९९२ साली काचा व प्रतींचा संग्रह कोलोनमधील एका सांस्कृतिक प्रतिष्ठानाकडे गेला, आणि २००२ साली सात खंडांत ६१९ चित्रांसह ग्रंथ निघाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१५ साली ही सर्व ६१९ चित्रे घेतली. २०१८ साली पॅरिसच्या शोआ स्मारकात 'छळ झालेले' आणि छळणारे यांचे एकत्र प्रदर्शन झाले. ज्यांच्या चिठ्ठीवर झांडरने नाव लिहिले नव्हते अशा काहींची नावे तोवर संशोधकांनी शोधून काढली होती, आणि नावापुढे छळछावणीचे नावही. २०२२ साली त्याच्या पणतूने दहा हजारांवर चित्रांची संगणकावरील मालकीपत्रे वाटावयास काढली, तेव्हा प्रतिष्ठानाने हक्क आपला असल्याचे सांगून हरकत घेतली आणि तो प्रकार थांबला. काच कोणाची, हा प्रश्न शंभर वर्षांनीही मिटलेला नाही. तो प्रश्न काचेसमोर बसलेल्याला मात्र कोणी विचारीत नाही.

आता ते तीन तरुण. त्यांचीही चौकशी अलीकडे झाली आहे. ते एका खेड्यातले होते हे खरे. परंतु शेतकरी नव्हते. दोघे लोखंडाच्या खाणीत काम करीत आणि तिसरा खाणीच्या कचेरीत होता. म्हणजे खाणीतल्या सुताराच्या मुलाने खाणीतल्या पोरांना नाचाच्या वाटेवर गाठले, आणि आपल्या ग्रंथात त्यांना शेतकऱ्यांच्या खणात ठेवले. त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्या मुलखात खाणीत उतरणाऱ्याच्या घरीही गाय आणि शेताचा तुकडा असेच. कदाचित शेतकऱ्यांचा संच भरावयाचा होता, आणि चित्र इतके चांगले उतरले होते की ते बाहेर ठेववेना. तिघांपैकी एक १९१५ साली लढाईत पडला. दोघे परत आले. संग्रहालयातील चिठ्ठीवर अजूनही लिहिलेले असते, 'तरुण शेतकरी, १९१४'.